पन्नगालयातील गरुड : वाघ, व्याल आणि विजेत्याचा कवी

चीन आणि जपानच्या कथावाङ्मयात वाघ आणि ड्रॅगन ही जोडी इतकी रुळलेली आहे, की तिचा अर्थ तिथल्या वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. पूर्वेचा निळा-हिरवा ड्रॅगन आणि पश्चिमेचा पांढरा वाघ हे आकाशाच्या दोन दिशांचे रक्षक. एक पाण्याचा आणि ढगांचा, दुसरा डोंगराचा आणि वाऱ्याचा. चीनच्या हनान प्रांतातील पुयांग येथे १९८७ साली उघडकीस आलेल्या, सहा हजार वर्षांहून जुन्या मानल्या जाणाऱ्या एका थडग्यात मृत माणसाच्या एका बाजूस शिंपल्यांनी रचलेला ड्रॅगन आणि दुसऱ्या बाजूस तसाच रचलेला वाघ सापडला. जपानमध्ये सोळाव्या शतकातील दोन सरदारांच्या वैराला याच जोडीने रूप दिले. ताकेदा शिंगेन हा काईचा वाघ, तर उएसुगी केनशिन हा एचिगोचा ड्रॅगन. कावानाकाजिमा येथे १५५३ ते १५६४ या काळात हे दोघे पाच वेळा समोरासमोर आले आणि त्यांच्या लढायांवर पुढे नाटके, चित्रे आणि कादंबऱ्या यांची रीघ लागली. वांग दुलू या चिनी कादंबरीकाराच्या ज्या कथेवर २००० साली गाजलेला चित्रपट आला, तिच्या शीर्षकातील दबा धरलेला वाघ आणि लपलेला ड्रॅगन हे तर शत्रूही नाहीत. ती नायक-नायिकेच्या नावांत दडलेली अक्षरे आहेत. म्हणजे या जोडीत वैर आहे, पण त्याहून अधिक तोल आहे. दोघांपैकी एकाने दुसऱ्याला कायमचे संपवावे अशी त्या कल्पनेची अपेक्षाच नसते.

आमच्या मनात प्रश्न आला तो असा, की आपल्याकडे ही जोडी आहे का? आणि असल्यास तिचे वर्तन कसे आहे? हा प्रश्न विचारायला कोडोलीसारखी जागा बरी. वारणेच्या या अंगाला असलेल्या आमच्या गावातून दक्षिणेकडे जोतिबाचा डोंगर दिसतो आणि नैर्ऋत्येला पन्हाळा. पन्हाळ्याच्या नावाची जी व्युत्पत्ती या मुलखात सर्वांच्या तोंडी असते ती 'पन्नगालय', म्हणजे सर्पांचे घर. जुन्या लेखांतून या दुर्गाचा उल्लेख 'प्रणालक' आणि 'पद्मनाल' असा येतो. जयराम पिंड्ये यांनी १६७३ मध्ये मराठ्यांनी हा किल्ला घेतल्यावर जे संस्कृत काव्य रचले, त्याच्या शीर्षकात तो 'पर्णालपर्वत' आहे. यांपैकी कोणत्याही रूपात सर्प नाही. तो लोकांनी नावात पाहिला. परंतु लोकांनी तो का पाहिला, आणि त्यांच्याही आधी एका राजकवीने याच गडावर सर्प कसा बसवला, ही हकीकत वाघ आणि ड्रॅगनच्या प्रश्नाशी थेट जाऊन भिडते.

एका शब्दातले दोन प्राणी

'ड्रॅगन' या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. अजगर म्हटले तर अद्भुत हरपते आणि नाग म्हटले तर पावित्र्य येऊन चिकटते. त्यातल्या त्यात जवळचा शब्द शिल्पशास्त्राच्या अभ्यासकांना ठाऊक असतो, तो म्हणजे 'व्याल'. मंदिरांच्या खांबांवर, कोपऱ्यांवर आणि मकरतोरणांच्या आसपास सिंहाचे धड, कधी हत्तीचे तर कधी पोपटाचे तोंड, शिंगे आणि आयाळ असलेला जो मिश्र पशू दिसतो, तो व्याल. पण कोश उघडला की हा शब्द घसरू लागतो. अमरकोशात तो एकदा सर्पाच्या नावांत येतो आणि पुन्हा अनेकार्थवर्गात श्वापद व सर्प असे दोन्ही अर्थ त्याला दिलेले आढळतात. दुष्ट, पिसाळलेला हत्ती हाही त्याचा एक अर्थ आहे आणि संस्कृत कोशकार त्याखाली वाघही देतात. चिनी कल्पनेने ज्यांना पूर्व आणि पश्चिम अशा दोन टोकांना उभे केले, त्यांना संस्कृतने एका शब्दात कोंडले आहे.

'नाग' या शब्दाची अवस्थाही निराळी नाही. तो सर्प आहे आणि हत्तीही आहे. परिणामी आपल्याकडे जेव्हा एखादा कवी 'नागांचा संहार करणारा' असे म्हणतो, तेव्हा संहारक गरुड आहे की सिंह हे पुढचा शब्द येईपर्यंत कळत नाही. ही केवळ श्लेषाची गंमत नव्हे. ज्या भाषेत भक्ष्य आणि भक्षक यांची नावेच एकमेकांत मिसळतात, त्या भाषेत प्राण्यांची प्रतीके दिशांसारखी स्थिर राहणार नाहीत हे उघड आहे. ती उभ्या शिडीवर चढतात आणि उतरतात. कोण वर आणि कोण खाली, एवढाच प्रश्न उरतो आणि त्याचे उत्तर प्रत्येक वेळी नव्याने द्यावे लागते.

शिलाहारांची बिरुदे

अशा उत्तराचा अतिशय बोलका नमुना कोल्हापूरच्या शिलाहारांच्या लेखांत आहे. दहाव्या शतकापासून तेराव्या शतकाच्या आरंभापर्यंत या घराण्याने कोल्हापूर, मिरज, कऱ्हाड या पट्ट्यावर राज्य केले. त्यांचे लेख संस्कृत आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत आहेत आणि वा. वि. मिराशी यांनी त्यांचे संपादन करून ते अभ्यासकांच्या हाती दिले. या लेखांत राजाच्या नावापूर्वी बिरुदांची जी लांबलचक माळ येते, ती विद्यार्थी सहसा ओलांडून पुढे जातात, कारण त्यांना सनावळी हवी असते. साहित्याच्या वाचकाने मात्र तिथेच थांबावे.

या माळेत राजा 'सुवर्णगरुडध्वज' आहे, त्याच्या निशाणावर सोन्याचा गरुड आहे. तोच राजा 'मरुवक्कसर्प' आहे, शत्रुसेनेला डसणारा साप आहे. तोच 'विद्विष्टगजकंठीरव' आहे, म्हणजे शत्रुरूपी हत्तींवर झेपावणारा सिंह आहे. आणि तोच 'अय्यनसिंग' आहे, वडिलांचा सिंह आहे. एकाच माणसाच्या अंगावर गरुड, सर्प आणि सिंह एकाच वेळी वागवले जात आहेत. गरुड सर्पाचा जन्मवैरी आहे हे त्या लेखकाला ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? पण त्याला विरोधाभास जाणवत नाही, कारण या बिरुदांत प्राण्याचा स्वभाव महत्त्वाचा नाही, नाते महत्त्वाचे आहे. शत्रू हत्ती असेल तेव्हा आपण सिंह आणि तो पायदळी तुडवणारी सेना असेल तेव्हा आपण पायाखालून डसणारा सर्प. प्रत्येक बिरुद हे एक छोटे वाक्य आहे आणि त्या वाक्यात राजा कर्त्याच्या जागी आहे. त्या जागेवर कोणता प्राणी बसवायचा, हे कर्माच्या जागी कोण आहे यावर ठरते.

प्रतीकांचे हे व्याकरण एकदा ध्यानात आले की दक्षिणेतील अनेक राजचिन्हे निराळी दिसू लागतात. होयसळांच्या मंदिरांवर श्वापदाशी झुंजणारा सळ हा वीर घ्या. घराण्याच्या नावाची उपपत्ती सांगणारी ती कथा आहे. गुरूने 'मार' म्हटले आणि सळाने वाघ मारला. पण चोळांचे राजचिन्ह वाघ होते आणि होयसळांनी १११६ च्या सुमारास तळकाडहून चोळांना हुसकावले, हे समजल्यावर काही अभ्यासकांना त्या शिल्पात राजकारण दिसले तर नवल नाही. चोळांच्या निशाणावर जो वाघ मिरवतो, तोच होयसळांच्या दारात तलवारीखाली येतो. वाघ तोच, वाक्यातले त्याचे स्थान बदललेले.

सिंघणाच्या कवीने काय केले

शिलाहारांचा शेवटचा राजा दुसरा भोज. त्याने आपली राजधानी पन्हाळ्यावर नेली. त्याच्या कारकिर्दीत आजरे येथे १२०५ साली सोमदेव या जैन पंडिताने 'शब्दार्णवचंद्रिका' हा व्याकरणग्रंथ पूर्ण केला, यावरून या लहान राज्याच्या विद्याव्यासंगाची कल्पना यावी. चालुक्यांची सत्ता कोसळल्यावर भोजाने स्वतंत्र सम्राटाला शोभतील अशी बिरुदे घेतली. परंतु उत्तरेकडून देवगिरीचे यादव त्याच पोकळीत शिरत होते. १२१२ च्या सुमारास सिंघण यादवाने भोजाचा पराभव केला आणि कोल्हापूरचे राज्य यादवांच्या हाती गेले. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातील सिंघणाचा शके ११३६ चा दानलेख हा या सत्तांतराचा जिल्ह्यातील ठळक पुरावा.

सिंघणाच्या प्रशस्तिकाराने या विजयाचे वर्णन एका समासात बसवले आहे आणि रा. गो. भांडारकरांनी दख्खनच्या इतिहासात त्याची दखल घेतली आहे. समासाचा आशय असा, की पन्हाळ्यात राहणारा प्रबळ भोजराजा हा एक व्याल आणि त्याला पळवून लावणारा सिंघण हा पक्ष्यांचा राजा गरुड. येथे वापरलेला शब्द 'व्याल' हाच आहे आणि गरुड समोर असल्यामुळे त्याचा अर्थ सर्प असाच करावा लागतो.

हा समास नेहमीच्या कविसंकेताचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही. शिलाहार स्वतः गरुडध्वज होते, हे आपण पाहिले. यादवांचे निशाणही सुवर्णगरुडाचेच होते. म्हणजे रणांगणावर दोन्ही बाजूंना गरुड फडकत होता. लढाई संपल्यावर दोन गरुडांपैकी एकाला सर्प व्हावे लागले. हे रूपांतर तलवारीने केले नाही, ते कवीने केले. शत्रूच्या हातून किल्ला घेणे ही एक गोष्ट आणि त्याच्या निशाणावरचे चिन्ह हिसकावून घेऊन त्याच चिन्हाचे भक्ष्य त्याला बनवणे ही दुसरी. पहिली गोष्ट सेनापती करतो, दुसरी गोष्ट साहित्य करते. आणि किल्ला पुढे अनेकदा हातचा गेला तरी दुसरी गोष्ट टिकली. पन्हाळ्याच्या नावात लोकांना जो पन्नग दिसतो, त्याचे मूळ या समासात आहे असा आमचा दावा नाही. नादसाम्यावरून अशा व्युत्पत्त्या सर्वत्र जन्मतात. पण सर्पाचे घर हे वर्णन या गडाला पहिल्यांदा वैऱ्याच्या दृष्टीने लाभले, एवढे मात्र लेख सांगतात.

शिळेवरचा आहार

या समासात एक विडंबना आहे आणि ती सिंघणाच्या कवीच्या लक्षात आली होती की नाही हे सांगणे अवघड आहे. शिलाहार स्वतःला जीमूतवाहनाचे वंशज म्हणवीत. त्यांच्या लेखांतून हा दावा पुनःपुन्हा येतो. घराण्याच्या नावाची फोडही त्याच कथेतून केली जाते, ती म्हणजे शिळेवरचा आहार.

ती कथा साहित्याच्या विद्यार्थ्यांना 'नागानंद' या हर्षाच्या सातव्या शतकातील पाच अंकी नाटकामुळे परिचित असते आणि 'कथासरित्सागरा'तही ती आहे. गरुड आणि नाग यांच्यात एक करार झालेला असतो. सर्व नागांचा एकदम संहार होऊ नये म्हणून नागराजाने रोज एक नाग गरुडाच्या भक्ष्यासाठी ठरलेल्या शिळेवर पाठवायचा. विद्याधरांचा राजपुत्र जीमूतवाहन तिथे पोहोचतो त्या दिवशी शंखचूड नावाच्या तरुण नागाची पाळी असते. त्याची म्हातारी आई आक्रोश करीत असते. जीमूतवाहन शंखचूडाच्या जागी शिळेवर जाऊन बसतो. गरुड त्याला उचलतो, खाऊ लागतो, आणि भक्ष्य भीतीने तडफडत नाही हे पाहून थबकतो. मागून शंखचूड धावत येतो आणि सांगतो की नाग मी आहे, हा नव्हे. गरुडाला पश्चात्ताप होतो. गौरीच्या कृपेने जीमूतवाहन जिवंत होतो, मारले गेलेले नाग उठतात आणि गरुड हिंसा सोडतो.

प्राण्यांच्या वैराच्या ज्या ज्या कथा आपण वाचतो, त्यांत ही एक वेगळी आहे. इतर कथांत कोणी अधिक बलवान येतो आणि वरची जागा घेतो. या कथेत कोणीतरी स्वतःहून खालची जागा घेतो आणि शिडीच मोडते. वैर संपते ते एका पक्षाच्या विजयाने नव्हे, तर ज्याचा या वैराशी काहीच संबंध नव्हता अशा तिसऱ्याच्या शरीराने. करार पाळणारा गरुड अन्यायी नव्हता आणि पाळी पत्करणारा शंखचूड भित्रा नव्हता, ही या कथेची खोली आहे. दोघेही नियमाने वागत होते आणि नियमच रोज एक जीव खात होता.

ज्या घराण्याने हा पूर्वज निवडला, त्याने निशाणावर मात्र गरुड घेतला, सर्पाला वाचवणारा पुरुष घेतला नाही. राजसत्तेला शिळेवर बसण्याचे चित्र परवडत नाही, म्हणून की काय, पूर्वजाची कथा वंशावळीत राहिली आणि भक्षकाची प्रतिमा ध्वजावर गेली. पुढे १२१२ मध्ये सिंघणाच्या कवीने भोजाला सर्प म्हटले, तेव्हा अजाणता त्याने त्या घराण्याला त्याच्या मूळ कथेत परत नेऊन ठेवले. फरक इतकाच, की या वेळी शिळेवर शंखचूड एकटा होता. त्याच्या जागी बसायला कोणी जीमूतवाहन आला नाही.

शिडीच्या पायऱ्या

जीमूतवाहनाची कथा अपवाद. नियम पाहायचा तर महाभारताच्या शांतिपर्वातील कुत्र्याची कथा पाहावी. भीष्म ती युधिष्ठिराला राजसेवकांच्या नेमणुकीच्या संदर्भात सांगतात. एका ऋषीच्या आश्रमात एक भक्त कुत्रा असतो. चित्ता त्याच्यावर चालून येतो म्हणून ऋषी त्याला चित्ता करतो. मग वाघ येतो, तेव्हा वाघ. मत्त हत्ती येतो, तेव्हा हत्ती. सिंह येतो, तेव्हा सिंह. शेवटी आठ पायांचा शरभ येतो, तेव्हा शरभ. त्यानंतर भिण्यासारखे कोणी उरत नाही आणि तो आपल्या ऋषीलाच खायला निघतो. ऋषी त्याला पुन्हा कुत्रा करतो. हितोपदेशातील उंदीर, मांजर, कुत्रा, वाघ आणि पुन्हा उंदीर ही मालिका याच घाटाची आणि मराठीत तिची म्हण झाली आहे. येथे एक तपशील महत्त्वाचा आहे. वाघ या शिडीच्या मधल्या पायरीवर आहे. वरची पायरी खऱ्या जंगलातल्या प्राण्यांची नाहीच. तिथे शरभ हा कल्पित पशू आहे. खरे प्राणी संपले की कल्पनेला ड्रॅगन लागतो.

पुढे शैव आणि वैष्णव यांच्या वादातही हीच शिडी वाढत गेली. हिरण्यकशिपूच्या वधानंतर अनावर झालेल्या नरसिंहाला शिवाने शरभरूपाने शांत केले, असे लिंगपुराण सांगते. दारासुरमसारख्या चोळ मंदिरांत त्याची मूर्ती आहे. त्यावर वैष्णवांचे उत्तर म्हणून दोन तोंडांचा गंडभेरुंड आला, जो शरभालाही उचलतो. बेलूरच्या बाराव्या शतकातील चेन्नकेशव मंदिरात ही अख्खी साखळी एका शिल्पात दाखवलेली आहे. हरणाला अजगर गिळतो, अजगराला हत्ती उचलतो, हत्तीवर सिंह झेपावतो, सिंहाला शरभ खातो आणि शरभाला गंडभेरुंड. विजयनगरच्या अच्युतदेवरायाच्या नाण्यांवर हाच गंडभेरुंड चोचींत आणि पंजांत हत्ती धरून बसलेला आहे. चिनी वाघ-ड्रॅगन शेजारी शेजारी असतात, आपले एकमेकांच्या डोक्यावर असतात, असे म्हटले तर फारसे वावगे होणार नाही.

महाराष्ट्रातील किल्ल्यांच्या दरवाजांवर जो शरभ किंवा वाघसदृश पशू पंजांत हत्ती दाबून धरलेला दिसतो, तो याच परंपरेतला. जंजिऱ्याच्या प्रवेशद्वारावरचे शिल्प सर्वांत प्रसिद्ध. अशा शिल्पांपुढे उभे राहून हत्ती मोजण्याची आपल्याकडे रीत आहे. चार हत्ती असतील तर चार शाह्या, पाच असतील तर पाच. हे स्पष्टीकरण ऐकायला ठसठशीत वाटते, पण ते टिकत नाही. कारण हे शिल्प त्या शाह्यांनी स्वतः बांधलेल्या वा दुरुस्त केलेल्या दरवाजांवरही आहे आणि कोणताही सुलतान स्वतःचा पराभव आपल्या दारावर कोरून घेणार नाही. हत्ती म्हणजे अमुक राज्य असा हिशेब शिल्पकाराच्या मनात नसावा. हत्ती म्हणजे 'जो कोणी समोर येईल तो'. म्हणूनच हे शिल्प एका सत्तेकडून दुसऱ्या सत्तेकडे न घासता, न फोडता जाऊ शकले. नवा धनी आला की पशू त्याचा होई आणि हत्ती जुन्या धन्याचे.

याचा धातूतला नमुना विजापूरला आहे. मुलूखमैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला मुहम्मद बिन हसन रूमी याने ओतली. तिचे तोंड जबडा वासलेल्या श्वापदाचे आहे आणि त्याच्या दातांत एक हत्ती चिरडला जात आहे. वर्णन करणाऱ्यांपैकी कोणी त्याला सिंह म्हणतो, कोणी ड्रॅगन. 'व्याल' म्हटले तर दोघांचेही समाधान व्हावे. निजामशाहीत जन्मलेली ही तोफ आदिलशाहीच्या बुरुजावर गेली आणि १६८६ मध्ये विजापूर पडल्यावर औरंगजेबाने तिच्यावर आपल्या विजयाचा लेख कोरवला. तीन धनी झाले, जबडा तोच राहिला. दातांतला हत्ती मात्र प्रत्येक धन्यासाठी वेगळा होता. मराठीने तर तिला एक चौथे रूप दिले. फर्ड्या वक्त्याला आपण मुलूखमैदान तोफ म्हणतो आणि त्या वेळी तिच्या तोंडातला हत्ती कोणाच्याच ध्यानात नसतो.

सिंह, छावा आणि वाघनखे

शिवकालाकडे येताना हे सारे सामान कवींच्या हाताशी तयारच होते. भूषणाच्या एका गाजलेल्या कवित्तात भक्षक-भक्ष्यांच्या जोड्या एकामागून एक येतात. हरणांच्या कळपावर चित्ता, हत्तीवर सिंह, कंसावर कृष्ण, आणि शेवटी शत्रुवंशावर शिवराज. दुसऱ्या एका कवित्तात तो गरुडाचा हक्क नागांवर आणि सिंहाचा हक्कही नागांवरच सांगतो. पहिले नाग सर्प आहेत, दुसरे हत्ती. शिलाहारांच्या बिरुदमाळेत जे गरुड आणि सिंह शेजारी बसले होते, ते पाचशे वर्षांनी ब्रज भाषेत पुन्हा शेजारी आले. कवीने नवे काही आणले असेल तर ते प्राण्यांत नव्हे, वेगात आहे. त्या जोड्यांच्या माऱ्यात ऐकणाऱ्याला श्वास घ्यायला उसंत मिळत नाही.

गद्याची वाट वेगळी. १६९७ च्या सुमारास जिंजीस लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत अफजलखानाच्या भेटीच्या प्रसंगी वाघनख आणि बिचवा येतात. प्रतीक येथे उपमेतून बाहेर पडून हातात आले आहे. राजा वाघासारखा आहे असे बखरकार म्हणत नाही. राजाच्या मुठीत वाघाची नखे आहेत आणि दुसऱ्या हातातील शस्त्राच्या नावात विंचू आहे. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून उसनी आलेली वाघनखे साताऱ्यात प्रदर्शनासाठी ठेवली गेली, तेव्हा ती तीच का, यावर बराच वाद झाला. ती महाराजांनी वापरली असे सिद्ध करता येत नाही, हे त्या संग्रहालयानेच म्हटले आहे. वस्तूचा निकाल काहीही लागो. वाङ्मयाच्या अंगाने पाहता सभासदाच्या वाक्यातील वाघनखांना संग्रहालयाच्या प्रमाणपत्राची गरज नाही.

आधुनिक कादंबरीने या परंपरेतून दोन शीर्षके उचलली आणि दोन्ही म्हणींसारखी रूढ झाली. हरि नारायण आपट्यांची 'गड आला पण सिंह गेला' आणि शिवाजी सावंतांची १९७९ ची 'छावा'. पहिलीने तानाजीला सिंह केले आणि किल्ल्याचे नाव त्याच्या मरणातून निघाले अशी समजूत घराघरांत पोहोचवली. तानाजी पडला १६७० मध्ये. 'सिंहगड' हे नाव मात्र शिवाजी महाराजांच्या १६६३ च्या पत्रात आधीच आहे. म्हणजे सळाच्या कथेत झाले तेच येथे झाले. नाव आधी होते, त्याला शोभेल असा पराक्रम घडला आणि कथेने दोहोंचा क्रम उलटवला. यामुळे तानाजीचा पराक्रम तसूभरही कमी होत नाही. उलट नावाला अर्थ देण्याइतका तो मोठा होता, हेच दिसते.

'छावा'चे लेखक आजऱ्याचे. ज्या आजऱ्यात भोजाच्या काळी व्याकरण लिहिले गेले, त्याच गावाने सात-आठ शतकांनी ही कादंबरी लिहिणारा लेखक दिला. आणि 'अय्यनसिंग', वडिलांचा सिंह, या शिलाहारी बिरुदाला 'सिंहाचा छावा' याहून जवळचा मराठी पर्याय सापडणे कठीण. सावंतांनी ते बिरुद वाचले होते असे आम्हांला सुचवायचे नाही. प्रतिमा अशाच वाहतात, जमिनीखालून. परंतु इतिहासाने या छाव्याला कुठे आणून ठेवले पाहा. दिलेरखानाच्या गोटातून परतल्यावर १६७९ च्या अखेरीपासून संभाजीराजे पन्हाळ्यावर होते. महाराज आणि त्यांची भेट तिथेच झाली आणि ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर महाराजांचा अंत झाला तेव्हाही ते पन्हाळ्यावरच होते. सिंहाचा छावा पन्नगाच्या घरी. येथे कोणता प्राणी वर आणि कोणता खाली हे ठरवायला गेले की जुने व्याकरण थिटे पडते. बाप आणि मुलगा यांच्यामधले दुःख गरुड-सर्पाच्या समासात मावत नाही. त्यासाठी कादंबरीच लागते. कादंबरी या प्रकाराने राजप्रशस्तीवर मिळवलेला हा विजय म्हणावा लागेल, आणि तो कोणाला न मारता मिळवलेला आहे.

वाचताना

वाघ म्हणजे शौर्य, साप म्हणजे कपट, हत्ती म्हणजे सत्ता अशी समीकरणे उत्तरपत्रिकांतून दरवर्षी येतात आणि त्यांना गुणही मिळतात. त्यात विद्यार्थ्यांचा दोष नाही. प्रतीकांची यादी पाठ करणे आपणच त्यांना शिकवतो. पण वर पाहिलेल्या उदाहरणांतून एक वेगळी पद्धत हाती येते. प्राण्याचा अर्थ विचारण्याआधी वाक्य पूर्ण करावे. कोण कोणावर आहे, हे कोणी म्हटले, आणि ज्याच्यावर म्हटले त्याच्या स्वतःच्या निशाणावर कोणता प्राणी होता? हे तीन प्रश्न विचारले की भोजाचा सर्प लगेच गरुड दिसू लागतो.

ही सवय वर्गाबाहेरही उपयोगी आहे. किल्ल्यांच्या दरवाजांवरील पशू आपल्या बाजूचे आणि त्यांच्या पंजांतले हत्ती दुसऱ्यांच्या बाजूचे, असे वाटून घेण्याचा मोह आपल्या काळात कमी झालेला नाही. दगडातला शरभ या वाटणीला विरोध करीत नाही. त्याने आजवर कोणत्याच धन्याला विरोध केलेला नाही. म्हणूनच त्याच्या साक्षीवर कोणाचा हक्क सिद्ध होत नाही. ते चिन्ह बहमनी, आदिलशाही, सिद्दी, मराठे, विजयनगर अशा सर्वांच्या दख्खनचे सामायिक धन आहे, हे मान्य केले तर त्याच्याकडे पाहण्याचा आनंद वाढतो, घटत नाही.

आणि सामायिक धनाच्या या पेटीत एक वस्तू आमच्या भागाची खास आहे. वाघ-ड्रॅगनच्या चिनी जोडीत तोल आहे, आपल्या शिडीत चढाओढ आहे. शिलाहारांच्या पूर्वजकथेत दोन्ही नाहीत. तिथे वैराच्या मधोमध एक शिळा आहे आणि तिच्यावर एक माणूस जाऊन बसला आहे. राजांनी ती ध्वजावर घेतली नाही, कवींनी तिचे बिरुद केले नाही, दरवाजांवर ती कोरली गेली नाही. ती केवळ एका नाटकात, एका कथासंग्रहात आणि एका घराण्याच्या नावात उरली. साहित्याच्या विद्यार्थ्याने शोधावे ते असे उरलेले. पन्हाळ्याच्या इतिहासात गरुड पुष्कळ आहेत आणि सर्पही पुष्कळ. जीमूतवाहन एकच आहे, आणि त्याला शोधायला गड चढावा लागत नाही, 'शिलाहार' हा शब्द सावकाश उच्चारला की तो दिसतो.